नावात काय आहे? सातबारा आहे!

पहिली वेबसाइट करायची म्हणजे आधी डिझाइन, मग फोटो, मग रंग... असं वाटत असेल तर जरा थांबा. आधी नाव! वेल्ह्याच्या एका ओसरीवर दोन दिवस रंगलेल्या भांडणातून हाती लागलेले हे फंडे.

शुक्रवार, संध्याकाळचे सव्वासहा. लॅपटॉप मिटून मी चपला शोधत होते आणि फोन वाजला. वेल्ह्याचा मामा.

"तू मासकॉम केलंयस ना? मग वेबसाइट येतच असंल तुला. उद्या ये."

मासकॉम केलेल्या माणसाला नातेवाइकांच्या मते काय काय येतं, याची एकदा यादीच करायला हवी. लग्नपत्रिकेचा मजकूर, टीव्हीचं सेटिंग, सोसायटीच्या भांडणाचा अर्ज आणि आता वेबसाइट. पण मामाच्या आवाजात नेहमीचा 'येऊन जा जेवायला' नव्हता. मी विचारलं, काय झालं?

झालं होतं असं. मामाची भातशेती. वेल्ह्याच्या अलीकडे, तोरणा आणि राजगड दोन्ही दिसतील अशा जागी घर. चार वर्षांपूर्वी त्याने ट्रेकर्ससाठी घराशेजारी दोन खोल्या बांधल्या. मामी पिठलं-भाकरी घालते, जाताना लोक पाच-दहा किलो इंद्रायणी घेऊन जातात. सगळा धंदा व्हॉट्सअॅपवर. मध्यंतरी हिंजवडीच्या एका कंपनीची टीम येऊन राहिली, जाम खूश झाली आणि त्यांच्या एचआरने विचारलं, दर तीन महिन्यांनी एक टीम पाठवू, शिवाय स्टाफसाठी तांदूळही घेऊ. फक्त व्हेंडर म्हणून नाव चढवायला वेबसाइट आणि त्या वेबसाइटच्या नावाचा ईमेल हवा. मुदत पंधरा दिवस. त्यातले सहा गेले होते.

खोल्यांचं कर्ज अजून फिटायचं होतं. म्हणजे हा हौसेचा मामला नव्हता. शनिवारी सकाळी मी गाडी काढली. सातारा रस्ता, नसरापूर फाटा, मार्गासनी, विंझर. कापणी नुकतीच उरकली होती आणि खाचरांतून भाताच्या काड्यांचा वास येत होता.

आधी प्लॉट, मग घर

चहा व्हायच्या आत मामेभावाने फोनवर रंगीत टेम्प्लेट्स दाखवायला सुरुवात केली. "ताई, हे बघ, वर तोरण्याचा फोटो सरकतोय!" मी म्हटलं, बाबा रे, फोटो सरकेल, पण तो कुठल्या पत्त्यावर सरकणार?

तुमच्यापैकी अनेकांचा गोंधळ इथेच होतो, म्हणून सांगते. वेबसाइटमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. पहिली डोमेन नेम, म्हणजे पत्ता. दुसरी होस्टिंग, म्हणजे तुमची पानं आणि फोटो जिथे ठेवले जातात ती जागा. तिसरी प्रत्यक्ष साइट, म्हणजे घर. घर पाडून पुन्हा बांधता येतं, होस्टिंग एकाकडून दुसऱ्याकडे हलवता येतं. पण पत्ता एकदा लोकांच्या तोंडी बसला, बिलावर छापला, तांदळाच्या पिशवीवर आला, की तो बदलणं महागात पडतं.

मामाला मी मोबाइलमधल्या काँटॅक्ट लिस्टचं उदाहरण दिलं. तू 'मामी' असं शोधतोस आणि फोन लागतो तिच्या दहा आकडी नंबरला. इंटरनेटवरही कॉम्प्युटर एकमेकांना नंबरानेच ओळखतात. माणसांना नंबर लक्षात राहत नाहीत म्हणून नाव आणि नंबर यांची सांगड घालणारी यंत्रणा लागते. ती, म्हणजे डोमेन नेम सिस्टिम, पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. जगातलं पहिलं डॉट कॉम नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदवलं गेलं, 'सिम्बॉलिक्स' नावाच्या अमेरिकन कॉम्प्युटर कंपनीने.

"म्हणजे चाळीस वर्षं लोक नावं घेतायत," मामा म्हणाला. "आपल्याला काय उरलं असंल?"

मुद्द्याचा प्रश्न!

वेल्हे, भोर की राजगड?

मामाचं ठरलेलं होतं. नावात 'वेल्हे' हवं. त्याच्या वडिलांनी पत्ता सांगताना आयुष्यभर वेल्हेच सांगितलं. दारातल्या पाटीवर, पेंटरने लाल रंगात रंगवलेलं, 'तालुका वेल्हे'.

मामेभाऊ उसळला. "आप्पा, तालुक्याचं नाव आता राजगड आहे!" आणि ते खरंच आहे. वेल्हे तालुक्याला राजगड नाव द्यायला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि २०२५ मध्ये ते अधिकृत झालं. गावाचं नाव वेल्हेच आहे, बदललं ते तालुक्याचं. पण बाहेरच्या माणसाला हा फरक कोण समजावणार? उद्या नकाशात, सरकारी फॉर्मवर, कुरिअरच्या पत्त्यात सगळीकडे राजगड आल्यावर 'वेल्हे' शोधणार कोण, हा पोराचा मुद्दा.

मामी आतून म्हणाली, "भोर का नको?" मामीचं माहेर भोरचं. पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी, राजवाडा, नीरेचा काठ. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, पण मामीच्या बोलण्यात ते अजून शाबूत आहे. "भोर सगळ्यांना ठाऊक असतं. वेल्हे म्हटलं की लोक विचारतात, कुठं आलं?"

झालं! दोन तास हेच. मी मजा बघत होते, पण मनात वेगळाच विचार चालला होता. या दोन तालुक्यांत एका नावावर भागलेली जागा शोधावीच लागते. तोरण्याला महाराजांनी प्रचंडगड नाव दिलं, पण लोक तोरणाच म्हणतात. राजगड ज्या डोंगरावर उभा राहिला त्याला आधी मुरुंबदेव म्हणायचे, पण ते आता फक्त पुस्तकात. भोरजवळचा रोहिडा म्हणजेच विचित्रगड, पण ट्रेकर्सच्या तोंडी रोहिडा. भाटघरच्या धरणाला इंग्रजांनी गव्हर्नर लॉईडचं नाव दिलं, पुढे जलाशयाला येसाजी कंकांचं नाव मिळालं आणि एसटीत बसल्यावर तिकीट मागायचं ते भाटघरचं.

म्हणजे कागदावरचं नाव आणि तोंडातलं नाव. कधी कागद जिंकतो, कधी तोंड. कुठलं जिंकेल ते आधी सांगता येत नाही. त्यामुळे आपला धंदा ज्या नावावर उभा करायचा, ते नाव दुसऱ्याच्या निर्णयावर टांगून ठेवू नये. हा फंडा क्रमांक एक. गावाचं, तालुक्याचं, अॅपचं, एखाद्या ट्रेंडचं नाव आपल्या हातात नसतं.

राजगडाला तर आणखी एक लफडं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये राजगड आणि रायगड यात एकाच अक्षराचा फरक. एकात 'जे', दुसऱ्यात 'आय'. मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर तर तोही दिसत नाही. मामाकडे बुकिंग केलेला एक ग्रुप एकदा थेट रायगडाच्या पायथ्याशी, पाचाडला जाऊन पोचला होता आणि तिथून फोन करून विचारत होता, "तुमचं घर कुठंय?" वर मध्य प्रदेशातही एक राजगढ जिल्हा आहे. पोराने हे ऐकलं आणि राजगडाचा आग्रह सोडला. निदान त्या दिवसापुरता.

भोरची गंमत वेगळी. हिंदीत भोर म्हणजे पहाट. त्यामुळे पहाट, योग, भजन, चहा या सगळ्याशी त्या नावाची जवळीक. कुणी शोधलंच तर आपण त्या गर्दीत कुठे सापडणार?

"स्पेलिंग सांग!"

दुपारी मामा शेतावर गेला आणि परत आला तो चमकलेल्या डोळ्यांनी. "खाचर! आपलं सगळं खाचरावरच तर चाललंय. तांदूळबी त्यातनंच, पैसाबी त्यातनंच. खाचर ठेवा नाव."

मला आवडलं. मातीतलं, छोटं, मावळातलं. पण नाव आवडलं की लगेच घ्यायचं नसतं, आधी त्याला फोनची परीक्षा द्यावी लागते. मी ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणीला फोन लावला. ती मूळची इंदूरची, राहते हिंजवडीत, म्हणजे आमची अगदी टार्गेट कस्टमर. स्पीकरवर टाकून म्हटलं, एक नाव मेसेज केलंय, मोठ्याने वाच.

पलीकडून दोन सेकंद शांतता. मग, "खच्चर? वो... जानवर वाला?"

ओसरीवर जो हशा पिकला तो मामालाही आवरेना. खाचराचं खेचर झालं होतं!

मराठी नाव रोमन लिपीत लिहिताना ही अडचण येणारच. आपल्या ऱ्हस्व-दीर्घाला, 'त' आणि 'ट'ला, 'ल' आणि 'ळ'ला तिथे वेगळी अक्षरंच नाहीत. 'एम-ए-एल-ए' लिहिलं तर ते मळा, माळा, माला की मला? वेल्हे तरी 'व्ही'ने लिहायचं की 'डब्ल्यू'ने? मामाच्या गल्ल्यातल्या व्हिजिटिंग कार्डांवर एकदा हे, एकदा ते होतं. दोन्ही भोरच्या एकाच छापखान्यातली!

याचा मार्ग मराठी मंडळींनी फार आधी शोधलाय. १९९६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली 'मायबोली' आठवा. 'मा'साठी त्यांनी 'एम'नंतर दोनदा 'ए' घेतला. वाचणारा 'मायबोली'च वाचतो. आता ते स्पेलिंग अनेकांच्या बोटांत बसलंय. पण ज्याला स्पेलिंग दरवेळी समजावून सांगावं लागतं, त्याचं फोनवरचं अर्धं बोलणं त्यातच जातं.

नियम मात्र सोपे आहेत. नावात इंग्रजी अक्षरं, शून्य ते नऊ आकडे आणि आडवी रेघ एवढंच चालतं. रेघ सुरुवातीला किंवा शेवटी नको. स्पेस नाही, कॅपिटल-स्मॉलचा फरक नाही. टिंबाआधीचा भाग ६३ अक्षरांपर्यंत लांबवता येतो, पण म्हणून लांबवायचा नसतो. आकडे आणि रेघा शक्यतो टाळाच. फोनवर "मध्ये डॅश आहे हं" असं सांगितलं की ऐकणारा डॅश हा शब्दच टाइप करतो. हसू नका, मी केलंय.

आणखी एक. दुसऱ्याच्या नावाच्या सावलीत आपलं दुकान थाटायचा मोह टाळा. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये 'सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स' या खटल्यात स्पष्ट केलं की डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं. डॉट इन नावांवरून वाद झाला तर तो सोडवण्याची वेगळी व्यवस्थाही आहे. मामाच्या मनात तांदळाच्या नावात 'आंबेमोहोर' घालायचं होतं, कारण गिऱ्हाइकाला ते नाव ठाऊक. पण भौगोलिक मानांकन आहे ते मुळशीच्या आंबेमोहराला आणि मामा पिकवतो इंद्रायणी. "मग खोटं कशाला लिहायचं," मामी म्हणाली. विषय संपला.

२०२४ मधली 'जिओहॉटस्टार'ची गोष्ट तुम्ही वाचली असेलच. दोन कंपन्या एकत्र येणार हे हेरून दिल्लीच्या एका तरुणाने ते डॉट कॉम नाव आधीच घेऊन ठेवलं आणि त्या बदल्यात शिक्षणाचा खर्च मागितला. गोष्ट झक्कास रंगली, पण तुम्ही-आम्ही त्यावर करिअर प्लॅन करू नये.

डॉट काय?

नाव ठरायचं बाकीच होतं, तोवर शेपटावरून सुरू. डॉट कॉम की डॉट इन?

डॉट कॉमचा फायदा हा की लोकांची बोटं आपोआप तेच टाइप करतात. तोटा हा की चांगली नावं कधीच गेलीत. डॉट इन भारताचं. २००५ मध्ये त्याची दारं सगळ्यांसाठी खुली झाली आणि त्याचा कारभार 'निक्सी', म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया बघते. डॉट को डॉट इन, डॉट ओआरजी डॉट इन असे त्याचे भाऊबंदही आहेत. सगळेच सगळ्यांना मिळत नाहीत. डॉट जीओव्ही डॉट इन फक्त सरकारचं. आणि बँकांनी डॉट बँक डॉट इन या खास पत्त्यावर यावं असं रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सांगितलं, ते फसवणूक ओळखायला सोपं जावं म्हणून. म्हणजे शेपूटही ओळख सांगतं.

मामेभावाला डॉट एआय हवं होतं. कूल दिसतं म्हणून. मी त्याला सांगितलं, ते कॅरिबियनमधल्या अँग्विला नावाच्या चिमुकल्या बेटाचं शेपूट आहे. तिथे भात होत असेल असं वाटत नाही! आणि महागही आहे.

मामाचा प्रश्न मात्र थेट होता. "मराठीत का नाही?"

आहे की! डॉट भारत. देवनागरीतलं हे शेपूट ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं, मराठीसह आठ भाषांसाठी. आत कॉम्प्युटर त्या नावाचं रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक ओळीत रूपांतर करतो, बाहेर आपल्याला देवनागरी दिसते. मामाला ते बघून जो आनंद झाला तो मी विसरणार नाही. स्वतःच्या लिपीतला पत्ता! पण इथेही एक व्यवहार आहे. सगळ्यांच्या फोनवर मराठी कीबोर्ड चालू नसतो आणि अशा नावाचा ईमेल पत्ता अजून अनेक ऑनलाइन फॉर्म स्वीकारत नाहीत. आमच्या एचआरचा फॉर्म त्यातलाच निघाला तर? मग ठरलं. मुख्य पत्ता रोमनमध्ये. देवनागरीतला हवा तर नंतर, सोबतीला.

नाव सापडलं

रात्री जेवणं झाली. मुक्कामाला आलेले चार ट्रेकर्स खोल्या सोडून ओसरीवरच बसले होते. मामा गडाच्या गोष्टी सांगत होता, मामी लसूण सोलत होती. मी म्हटलं, खोल्यांत फॅन आहे, गाद्या आहेत, तरी हे सगळे इथेच का?

मामी म्हणाली, "कोणबी येऊ दे, ओसरीवरच बसतंय. खोल्या काय फक्त झोपायला."

मी आणि मामेभावाने एकमेकांकडे पाहिलं. ओसरी!

इंग्रजीत पाच अक्षरं. 'ओ-एस-ए-आर-आय'. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, 'ळ' नाही, डॅश नाही. तालुका बदलो, जिल्हा बदलो, ओसरी हलत नाही. इंदूरच्या मैत्रिणीने पहिल्या फटक्यात 'ओसारी' वाचलं. थोडं चुकलं, पण जनावर नाही झालं! अर्थ विचारला, तो सांगितल्यावर म्हणाली, "ओह, बरामदा! नाइस."

नुसती ओसरी मिळणार नव्हतीच. तिला आणखी एक छोटा शब्द जोडला, तो कुठला ते इथे सांगत नाही. हा लेख आहे, जाहिरात नव्हे, असं मामानेच बजावलंय.

नाव कुणाचं लावायचं?

आता खरी गोष्ट. आणि ही सांगायला मला जरा लाज वाटते.

काही वर्षांपूर्वी फ्रीलान्सिंग सुरू केल्यावर मीही स्वतःच्या नावाची साइट केली होती. एका ओळखीच्या वेब डिझायनरने सगळं करून दिलं. मी पैसे दिले, पासवर्ड विचारला नाही. त्याने डोमेन त्याच्या नावावर, त्याच्या ईमेलवर घेतलं होतं. दोन वर्षांनी तो परदेशी गेला. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या मेलमध्ये पडत राहिल्या. मला कळलं ते एका संपादकांच्या फोनमुळे. "तुझ्या लिंकवर ऑनलाइन जुगार दिसतोय, लाइन बदललीस का?"

माझं नाव, माझ्या आई-वडिलांनी ठेवलेलं, आणि त्याखाली पत्ते पिसणारी बाई. परत मिळवायला गेले तर कळलं की कागदोपत्री ते माझं कधी नव्हतंच. ज्याच्या नावावर नोंद, त्याचा हक्क. आणि मुदत संपल्यावर तर त्याचाही नाही.

मी हे सांगितलं तेव्हा मामा गंभीर झाला. "म्हंजे सातबारा दुसऱ्याच्या नावावर आणि घर आपण बांधलेलं."

अगदी तेच! तालुक्याने धरणं पाहिलीत, जमिनी गेलेल्या पाहिल्यात. कागदावर कुणाचं नाव आहे याने काय होतं, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. फक्त एक फरक. सातबारा मालकीचा, डोमेन भाडेपट्ट्याचं. एका वेळी एक ते दहा वर्षांसाठी मिळतं आणि मुदत संपायच्या आत पुन्हा पैसे भरावे लागतात. डॉट कॉम चुकलंच, तर साधारणपणे काही दिवसांची सवलत मिळते, ती ४५ दिवसांपर्यंत असू शकते. नंतर ३० दिवस जादा दंड भरून सोडवता येतं. त्यानंतर पाच दिवसांनी ते नाव बाजारात मोकळं. कुणीही उचलावं.

"मग नाव कुणाचं लावायचं?" मी विचारलं. मामेभाऊ म्हणाला, "माझं. ईमेल माझाच आहे." मामा काही बोलला नाही. तंबाखूची डबी उघडली, बंद केली. मग म्हणाला, "हिचं लावा."

मामीने लसणावरून मान वर केली.

"भाकऱ्या ती थापती. लोक तिच्या हातचं खायला येत्यात. सातबाऱ्यावर कधी लागलं नाही तिचं नाव. हितं तरी लावा."

कुणी काही बोललं नाही. मामी उठून आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता. घासलेलीच भांडी ती पुन्हा घासत होती.

एक ओटीपी, तीन वर्षं

रविवारी सकाळी रेंजसाठी आम्ही सगळे खळ्याच्या कोपऱ्यात. मामीचा जन्मातला पहिला ईमेल उघडला. पासवर्ड तिने स्वतः ठरवला आणि कुणालाही सांगितला नाही, मामालाही नाही. याला म्हणतात सिक्युरिटी!

रजिस्ट्रार, म्हणजे नाव नोंदवून देणारी अधिकृत कंपनी, निवडताना मी एकच गोष्ट पाहिली. पहिल्या वर्षाचा नव्हे, दुसऱ्या वर्षाचा भाव. पहिल्या वर्षी शे-दोनशेत नाव देऊन पुढे हजाराच्या घरात बिल लावणं ही नेहमीची युक्ती. वर १८ टक्के जीएसटी. पैसे भरायच्या आधी पानावर आपोआप टिक झालेल्या चार-पाच जादा गोष्टीही असतात. त्या एकेक करून काढल्या तर बिल निम्म्यावर येतं, आमचं आलं.

डॉट इन आणि डॉट कॉम दोन्ही घेतलं, तीन वर्षांसाठी. दोन्हींची मिळून रक्कम मामाने ऐकली आणि म्हणाला, "एवढ्यात तर पाटी रंगवून व्हत नाही!" मालकाच्या रकान्यात मामीचं पूर्ण नाव. फोन मामीचा. ओटीपी आला तेव्हा तिने तो एकेक आकडा बोट ठेवून वाचला, शाळेत पाढे म्हणावेत तसा. मग पडताळणीचा मेल आला, त्यातली लिंक दाबली. हा मेल दुर्लक्षित ठेवला आणि १५ दिवसांत पडताळणी झाली नाही, तर डॉट कॉमसारखी नावं बंद पडू शकतात. अनेकांचं पहिलं नाव इथेच गोत्यात येतं.

संध्याकाळी एका पानाची साइट उभी राहिली. ओसरीचा फोटो, मुक्कामाचे दर, तांदळाचा भाव, फोन नंबर. बस्स. सरकणारा तोरणा मामेभावाने नंतर घातलाच. सोमवारी सकाळी एचआरला नव्या पत्त्यावरून पहिला मेल गेला. मुदतीला अजून सहा दिवस होते.

टीम पुढच्या महिन्यात येतेय. तांदळाची ऑर्डर आली, ४० किलोची. मामाला वाटलं होतं त्यापेक्षा कमी, पण आली. दारातली पाटी त्याने पुन्हा रंगवून घेतली. वर मोठ्या अक्षरात ओसरी, खाली 'मु. पो. वेल्हे, तालुका राजगड'. सगळ्यांचं समाधान! मामी मात्र म्हणते, भोर राहिलंच.

निघताना मी तिला सांगितलं, मुदत कधी संपते ते फोनमध्ये रिमाइंडर लावून देते. ती म्हणाली, "फोनचं काय खरं हाय? फोन बदलतोय." तिने मला स्वयंपाकघरात नेलं. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, दोन्ही पोरांच्या जन्मवेळा आणि गाय आणल्याची तारीख लिहिलीय, तिथे तिने पेन्सिलीने तीन वर्षांनंतरची तारीख लिहिली होती. पुढे एकच शब्द. ओसरी.

चटकन लक्षात ठेवा

• नाव फोनवर एकदाच सांगा. समोरच्याने बरोबर टाइप केलं तरच पास.
• रोमनमध्ये लिहिलेलं नाव मराठी न येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. खाचराचं खेचर होऊ शकतं!
• डॅश आणि आकडे शक्यतो नकोत. जमल्यास डॉट इन आणि डॉट कॉम दोन्ही घ्या.
• पहिल्या वर्षाच्या ऑफरला भुलू नका, नूतनीकरणाचा भाव बघा.
• मालक म्हणून नाव, ईमेल आणि फोन तुमचाच. डिझायनर कितीही जवळचा असो.
• नोंदणीचा ईमेल ऑफिसचा देऊ नका. नोकरी सुटली की मेल बंद, आणि नावही हातचं जातं.
• पडताळणीचा मेल आल्या दिवशीच उघडा.
• मुदतीची तारीख दोन ठिकाणी लिहा. त्यातली एक जागा चार्जिंग न लागणारी असू द्या.